पापणीची कड

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातले पहिले १९ अध्याय डोळ्यांना दिलेले आहेत. त्यात एकूण ७६ नेत्ररोग येतात आणि त्यांतले २१ एकट्या पापणीचे. मोतीबिंदूवरच्या उपचारामुळे सुश्रुताचं नाव जगभर घेतलं जातं, ते रास्तच आहे. पण जन्मभर लोकांचे डोळे तपासून झाल्यावर मला त्याच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो तिसऱ्या अध्यायामुळे. पापण्यांच्या या अध्यायात शस्त्र नाही, औषध नाही, फक्त पाहणं आहे.

वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली, डल्हणाच्या टीकेसह छापलेली मुंबईच्या निर्णयसागरची प्रत मी वापरते. त्यातली वर्णनं वाचताना मला माझी ओपीडी दिसते. पोथकी म्हणजे पापणीच्या आत लाल मोहरीएवढ्या पुटकुळ्या, पाणी गळणं, खाज, जडपणा. अंजननामिका ही तांबूस, मऊ, बारीक पुळी, जळजळणारी आणि टोचणारी. आपल्याकडे घराघरांत हिला रांजणवाडी म्हणतात. लगण ही न पिकणारी, टणक, न दुखणारी, बोराएवढी गाठ. रांजणवाडी आणि लगण यांतला फरक आजही आम्ही विद्यार्थ्यांना याच खुणांनी शिकवतो: दुखते का? पिकते का? हात लावल्यावर टणक लागते का?

मग येतं अक्लिन्नवर्त्म. धुतल्या, पुन्हा धुतल्या, तरी पुन्हा पुन्हा चिकटणाऱ्या पापण्या, आणि त्याही पिकलेल्या नसताना. हे शेवटचं कलम फार मोलाचं आहे. पू होऊन चिकटणाऱ्या पापण्या म्हणजे डोळे आलेले. त्यात निदानाचं काही कौशल्य लागत नाही, शेजारीणसुद्धा सांगते. पण पू नाही, लाली थोडीशीच आणि रोज सकाळी पापण्या चिकटलेल्या, अशी तक्रार घेऊन येणारा पन्नाशीचा माणूस हा वेगळा रोगी आहे, हे कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी नीट वेगळं काढून ठेवलं.

त्याआधीच्या अध्यायात, डोळ्याच्या सांध्यांच्या रोगांत, क्रिमिग्रंथी नावाचा विकार आहे. पापणी आणि तिचे केस जिथे मिळतात त्या सांध्यात जन्मणारे नाना प्रकारचे किडे, त्यांच्यामुळे सुटणारी खाज, गाठी, आणि पुढे डोळ्याच्या आतल्या भागापर्यंत पोचणारा बिघाड. हे किडे कोणते, यावर आजचे काही जण फारच उत्साहाने बोलतात. मला तो उत्साह पटत नाही. पापणीच्या केसांत उवा होतात, त्यांची लिखं केसांना चिकटलेली साध्या डोळ्यांना दिसतात, आणि तेवढं पाहणं सुश्रुताच्या वैद्याला शक्य होतं. सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे जीव त्याने पाहिले असं म्हणण्याची गरज नाही. त्याचं मोठेपण जागा ओळखण्यात आहे. खाज डोळ्यात नाही, पापणीच्या सालीवरही नाही, तर केसाच्या मुळाशी आहे, हे त्याने लिहून ठेवलं. वाग्भटाने पुढे ७६ चे ९४ केले आणि पापणीचे २१ चे २४. त्यात त्याने पक्ष्मशात घातला: खाज, आग आणि केस झडणं.

एवढं सगळं सांगते आहे कारण मोठ्या माणसांच्या पापण्यांची सूज हा आजार आजही सर्वाधिक नजरेतून सुटतो. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी माझ्याकडे येणारा माणूस कधीच "माझी पापणी बिघडली" असं म्हणायचा नाही. तो म्हणायचा, डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं, बाई. सकाळी चिपडं धरतात. वाचायला बसलं की आग होते. उन्हात गेलं की पाणी येतं. बोलणं सगळं डोळ्याचं, म्हणून तपासणारा बॅटरी घेऊन सरळ डोळ्यातच बघतो. बुबुळ स्वच्छ, मोतीबिंदू नाही, दाब ठीक. मग थेंबांची एक बाटली. महिन्याने दुसरी. अशा बाटल्यांची पिशवी भरून घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या पिशव्यांमध्ये स्टिरॉइडचे थेंब असायचे, ज्यांनी पुढे काचबिंदू होऊ शकतो. आजार असतो चार पावलं अलीकडे, कडेवर.

रोमनांना मात्र ही कड चांगली ठाऊक होती. कवी होरेसला लाल, पाणावलेल्या पापण्यांचा त्रास होता आणि प्रवासात आपण काळं अंजन लावल्याचं तो स्वतः लिहितो. गॉल आणि ब्रिटनमध्ये उत्खननात नेत्रवैद्यांचे दगडी शिक्के सापडले आहेत. अंजनाच्या ओल्या कांडीवर ते दाबायचे. त्यावर वैद्याचं नाव, औषध आणि ते कशावर द्यायचं हे कोरलेलं असतं. त्यात पापण्यांच्या आणि डोळ्यांच्या सुजेचं नाव पुन्हा पुन्हा येतं. बगदादच्या अली इब्न ईसाने १००० सालाच्या सुमारास नेत्रवैद्यांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. त्यात त्याने दिसणारे रोग आधी घेतले आणि डोळ्याच्या आत दडलेले नंतर. त्यामुळे सुरुवातीलाच पापण्या आल्या. बाहेरून आत जाणारी ही शिस्त मला फार आवडते. तपासणीही अशीच व्हायला हवी.

१६६६ मध्ये जर्मनीतल्या हेल्मश्टेट इथल्या हाइनरिख माइबोमने पापणीतल्या ग्रंथींचं वर्णन छापलं. तो तेव्हा ऐन अठ्ठाविशीत होता. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी उभ्या रांगेने असतात. त्यांची तोंडं केसांच्या मागे, कडेवर उघडतात. त्यांतून येणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि अश्रू उडून जाऊ देत नाही. ग्रंथी त्याच्या आधीही काहींनी पाहिल्या होत्या, पण नाव त्याचं राहिलं. या तेलाचं काम काय आणि ते बिघडलं तर काय होतं, हे कळायला मात्र पुढची तीनशे वर्षं गेली. असं का झालं याची माझी दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा. १८०१ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांविरुद्ध इजिप्तमध्ये हिंदुस्थानातून फौज पाठवली. जनरल बेअर्डच्या हाताखाली मुंबईहून निघालेले शिपाई तांबड्या समुद्रातून कोसेरला उतरले आणि वाळवंट तुडवत नाईलकडे गेले. जेम्स मॅग्रिगर हा डॉक्टर त्या फौजेबरोबर होता. त्याने १८०४ मध्ये छापलेल्या वैद्यकीय टिपणांत प्लेगबरोबर डोळ्यांच्या साथीचीही नोंद आहे. इजिप्तहून परतलेल्या सैन्यांनी हा संसर्ग युरोपभर नेला. लंडनचं मूरफील्ड्स हे डोळ्यांचं रुग्णालय १८०५ मध्ये सुरू झालं, ते याच धास्तीच्या काळात. त्यानंतर शंभर वर्षं पापणी म्हटलं की डॉक्टरांच्या मनात एकच गोष्ट यायची: ती उलटून आतली बाजू बघा. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या पापण्या बुटाची बटणं लावायच्या आकड्याने उलटल्या जात आणि आत दाणे दिसले की माणसाला परतीच्या जहाजात बसवलं जाई. मॅककॅलन या नेत्रवैद्याने इजिप्तमध्ये काम करताना १९०८ मध्ये खुपऱ्यांच्या पायऱ्या ठरवल्या. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू झाला. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात या भागांत हा रोग फार होता. टेट्रासायक्लीनच्या मलमाच्या नळ्या सरकारी दवाखान्यात खोक्यांनी यायच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचं सार्वजनिक आरोग्यावरचं संकट संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. खुपऱ्यांनी आंधळी झालेली म्हातारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याची किंमत कळेल. पण पापणी उलटण्याच्या सवयीत कड बोटाखाली झाकली गेली, हेही खरं.

दुसरं उत्तर १८५१ चं. हेल्महोल्ट्झने नेत्रांतर्दर्शक बनवला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा प्रथमच नीट दिसू लागला. आमच्या शास्त्रातला तो सोन्याचा दिवस. मात्र त्या दिवसापासून हुशार विद्यार्थी आत बघू लागले, आणि पापणीची कड कंपाउंडरकडे गेली. पॅगेनश्टेखर या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखलं जाणारं पाऱ्याच्या पिवळ्या ऑक्साइडचं मलम शंभर वर्षं पापण्यांना लावलं गेलं. माझ्या शिकण्याच्या काळातही जुन्या कंपाउंडरांच्या कपाटात ते असायचं. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. रूझांनी पापण्यांच्या सुजेचा संबंध चष्म्याच्या नंबराशी जोडला. डोळ्यांवर ताण येतो, माणूस ते चोळतो, कड सुजते, असा तो विचार होता. नंबराचा चष्मा दिल्यावर काहींचं चोळणं थांबलंही असेल. पण या निदानात कडेकडे बघणंच राहून गेलं, आणि ते बराच काळ पाठ्यपुस्तकांत टिकलं.

आता त्या किड्यांकडे येते, कारण निदानाच्या इतिहासातलं हे सर्वांत विलक्षण प्रकरण आहे. १८४१ मध्ये याकोब हेन्लेला कानाच्या नळीतल्या केसांच्या मुळांशी लहान जीव दिसले. १८४२ मध्ये बर्लिनच्या गुस्ताव सिमोनने चेहऱ्यावरच्या मुरुमांतला मळ तपासताना तेच पाहिले आणि नीट चित्रांसह वर्णन केलं. रिचर्ड ओवेनने त्यांना डेमोडेक्स हे नाव दिलं. आठ आखूड पाय, लांबट शरीर, लांबी सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर. एक जात केसाच्या मुळाशी राहते. दुसरी, किंचित आखूड, तेलाच्या ग्रंथींत खोल शिरते. तिचा निराळेपणा १९६३ मध्ये अकबुलातोवा या रशियन संशोधिकेने दाखवला. १८९९ मध्ये रेलमान या नेत्रवैद्याने पापण्यांच्या सुजेशी या जीवांचा संबंध स्पष्टपणे जोडला.

आणि मग काही झालं नाही. कारण समजण्यासारखं होतं: हे जीव निरोगी माणसांतही सापडतात, आणि वय वाढेल तसे जास्त सापडतात. जो सगळ्यांच्या घरात राहतो त्याला चोर कसं म्हणायचं, असा तो प्रश्न. माझ्या शिक्षकांनीही आम्हाला हेच सांगितलं, डेमोडेक्सकडे फार लक्ष देऊ नका. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॉस्टनने यावर सविस्तर निबंध लिहिला, तरी बहुतेकांना तो पटला नाही. संशयाचं समाधान झालं ते एका साध्या खुणेने. पापणीच्या केसाच्या बुडाशी, केसाला गुंडाळून बसलेली मेणचट, अर्धपारदर्शक नळी. साध्या कोंड्याची खपली केसांच्या मध्ये, इकडेतिकडे पडलेली असते. ही नळी केसाच्या मुळालाच कडं घालून बसते. २००५ मध्ये शेफर त्सेंग यांच्या गटाने दाखवलं की असं कडं असलेले केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर जीव जवळपास हमखास सापडतात. आणि ही खूण दिसण्यासाठी लागतं काय? रोग्याला "खाली बघा" म्हणायचं. बस्स. समोर बघणाऱ्या माणसाच्या वरच्या पापणीचे केस पुढे झुकलेले असतात, त्यांची मुळं दिसत नाहीत. खाली बघितलं की कड समोर येते. दीडशे वर्षांच्या वादात किती डॉक्टरांनी किती रोग्यांना "समोर बघा" म्हटलं असेल, याचा विचार करून मला हळहळ वाटते. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जिवांवरच्या पहिल्या थेंबाला, लोटिलानरला, परवानगी दिली.

भिंगाची गोष्ट मध्ये राहिली. डोळ्यांच्या दवाखान्यात हनुवटी टेकवून ज्या यंत्रापुढे बसवतात तो स्लिट लॅम्प. त्याची प्रकाशाची अरुंद पट्टी स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रांडने १९११ मध्ये दाखवली आणि त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, मात्र वेगळ्या कामासाठी: डोळ्यात प्रकाश कसा वाकतो याच्या अभ्यासासाठी. या यंत्राने कडेवरची प्रत्येक ग्रंथी, प्रत्येक केस मोठा होऊन दिसतो. तालुक्याच्या दवाखान्यांत तो यायला मात्र फार उशीर झाला. तोवर आम्ही कपाळाला बांधायचं भिंग आणि बॅटरी यांवर काम केलं. तेवढ्यावरही पापणीचं निदान होतं, हे मी अनुभवाने सांगते.

कडेच्या सुजेची पहिली खरी वर्गवारी दुसऱ्या महायुद्धातून आली. कॅलिफोर्नियाचे फिलिप्स थायगेसन सैनिकांच्या पापण्या तपासत होते. १९४६ मध्ये त्यांनी तीन प्रकार मांडले. एक स्टॅफिलोकॉकस जंतूंचा: कोरड्या, कडक खपल्या, त्या काढल्या की खाली बारीक व्रण, झडलेले किंवा वाकडे वाढणारे केस, वारंवार रांजणवाडी. दुसरा तेलकट: चिकट, पिवळट खपल्या, व्रण नाहीत, आणि डोक्यात, भुवयांत, नाकाच्या बाजूला कोंडा. तिसरा मिश्र. या वर्गवारीतलं मोठं पाऊल म्हणजे पापणीच्या रोग्याच्या डोक्याकडे बघायचं. १९८० मध्ये कोर्ब आणि हेन्रिकेझ यांनी माइबोमच्या ग्रंथींकडे लक्ष वळवलं: तोंडं बुजलेली असतात, बाहेरून लाली नसते, तरी माणूस त्रस्त असतो. १९८२ मध्ये मॅककली आणि सहकाऱ्यांनी थायगेसनच्या तिनाचे सहा प्रकार केले.

ग्रंथी तपासण्याची पद्धत सोपी आहे. बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने पापणीची कड हलकी दाबायची. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ तेलाचा थेंब येतो. बिघडलेल्या ग्रंथीतून गढूळ येतो, मग दाणेदार, आणि शेवटी टूथपेस्टसारखी घट्ट वळी किंवा काहीच नाही. जपानच्या रेइको अरिता यांनी २००८ मध्ये अवरक्त प्रकाशात ग्रंथींचं छायाचित्र घेण्याची, पापणीला उपकरण न टेकवता करायची पद्धत मांडली. आता पुण्या-मुंबईत हे फोटो काढतात. छान दिसतात. पण बोटाचं काम फोटो करत नाही.

पाश्चात्त्य पुस्तकांतली एक खूण मात्र आपल्याकडे फसते. मोठ्या माणसांत पापण्यांची सूज पुष्कळदा रोझेशियाबरोबर येते. गालांवर, नाकावर लाली, बारीक रक्तवाहिन्या. पुस्तकातले फोटो गोऱ्या चेहऱ्यांचे. सावळ्या गालावर ती लाली दिसतच नाही. म्हणून आपल्याकडे हा रोग नाहीच, असं शिकवणारे प्राध्यापक होते. तो आहे. विचारावं लागतं: उन्हात, चुलीपाशी, तिखट किंवा गरम खाल्ल्यावर चेहरा भाजल्यासारखा होतो का? शेतात आणि चुलीपुढे राबणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उन्हात आणि चुलीपुढे चेहरा तापणारच, असं सगळे धरून चालतात. त्याचबरोबर केसांचा रंग, काजळ, नखांचं पॉलिश आणि डोळ्यांत घातलेले थेंब हेही विचारावेत. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ कातडी आहे आणि हाताला न बाधणारी वस्तू तिला बाधते.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी लिहिते. माइबोमच्या याच ग्रंथींतून एक कर्करोग निघतो. गोऱ्या लोकांत तो विरळा. आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा फार मोठा आहे. तो सुरुवातीला अगदी साध्या सुजेसारखा किंवा गाठीसारखा दिसतो. म्हणून महिनोन्‌महिने मलम लावण्यात जातात. साधी सूज बहुधा दोन्ही डोळ्यांना असते, कमी-जास्त होते. हा रोग एका बाजूला असतो आणि हटत नाही.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. डोळ्यात खडा टोचतो म्हणून दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी पापणीच्या कडेकडे पाहिलं नाही, तर संकोच न करता "पापणीही बघा" असं म्हणा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, एकाच पापणीचे केस एका ठिकाणचे झडले असतील, किंवा एकाच डोळ्याची सूज तीन महिने औषध करूनही उतरत नसेल, तर पुढचं मलम घेऊ नका. त्या जागेचा तुकडा तपासणीसाठी पाठवायला सांगा. काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे, पहिली असली तरी.